पोरी क्लाउड शिकतात तेव्हा

(शहादा येथे जिल्ह्यातील महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



आजच्या बैठकीचं पत्र आलं तेव्हा त्यात माझ्या नावापुढे विषय लिहिला होता, 'मुलींसाठी क्लाउड कम्प्युटिंगचं प्रशिक्षण : अनुभव'. ते वाचून आमच्या कार्यालयातल्या मावशींनी विचारलं, "ताई, क्लाउड म्हणजे काय हो?" मी म्हटलं, "ढग." त्या म्हणाल्या, "मग ढगाचं शिक्षण पोरींना कशाला? पाऊस पाडणार का त्या?" आम्ही सगळ्याजणी हसलो.

पण हाच प्रश्न दोन वर्षांपूर्वी धडगावकडच्या एका पाड्यावर एका बापानं मला विचारला होता, आणि तेव्हा मला हसू आलं नव्हतं. त्याची मुलगी बारावी झाली होती. घरात तिच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. मी सांगत होते, हिला अजून वर्षभर शिकू द्या. तो विचारत होता, "काय शिकणार ती? आणि शिकून काय होणार?" दोन्ही प्रश्न रास्त होते, आणि मला एकाचंही धड उत्तर देता आलं नाही.

मी संगणकाची तज्ज्ञ नाही. माझं शिक्षण एम.एस.डब्ल्यू.चं. गेली काही वर्षं या जिल्ह्यात मुलींच्या शिक्षणाचं काम करते. तेव्हा यशोगाथा सांगायला मी उभी नाही. आम्ही अकरा मुलींचा एक गट चालवला, त्यात काय जमलं, काय चुकलं आणि संघटना म्हणून आपण काय करायला हवं, एवढंच मांडणार आहे. त्या बापाला तेव्हा जे सांगायला हवं होतं, ते आधी सांगते.

क्लाउड म्हणजे काय

पूर्वी बँकेला, कारखान्याला किंवा सरकारी खात्याला मोठं काम संगणकावर करायचं तर स्वतःची यंत्रं विकत घ्यावी लागत. त्यांच्यासाठी थंड खोली, जनरेटर, देखभालीला माणसं, असा सगळा संसार मांडावा लागे. आता ही यंत्रं दुसऱ्याच्या मालकीची असतात. लागतील तेवढी, लागेल तेवढाच वेळ भाड्याने घ्यायची आणि इंटरनेटवरून चालवायची. आपण घरचं जातं बाजूला ठेवून दळण गिरणीवर न्यायला लागलो, त्यातलाच प्रकार.

ॲमेझॉन कंपनीने २००६ साली हा भाड्याचा धंदा सुरू केला. पुढे मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली यंत्रघरं उघडली. त्यांना डेटा सेंटर म्हणतात. भारत सरकारनेही आपल्या खात्यांसाठी 'मेघराज' नावाने असाच उपक्रम हाती घेतला.

गिरणीला जसा गिरणीवाला लागतो, तशी या यंत्रांनाही माणसं लागतात. यंत्र सुरू करणं, बंद करणं, त्यावरच्या माहितीची दुसरी प्रत ठेवणं, कुठली माहिती कोणी उघडायची आणि कोणी नाही हे ठरवून देणं, बिघाड झाला तर शोधणं, भाड्याचं बिल वाढत नाही ना हे पाहणं, ही ती कामं. त्यासाठी अमुक एका गावात बसावं लागतं असं नाही. म्हणूनच आम्हाला वाटलं, की आपल्या पोरींना हे का जमू नये?

आपली माहिती आधी गेली

दुसरंही एक कारण होतं. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार आपल्याच जिल्ह्यात, टेंभली गावातल्या एका बाईला दिलं गेलं. खुद्द पंतप्रधान आले होते. म्हणजे बोटांचे ठसे, डोळ्यांची खूण आणि नाव-गाव यंत्रात भरण्याचं देशातलं एवढं मोठं काम नंदुरबारच्या एका खेड्यातून सुरू झालं. आज रेशनच्या दुकानात बाई बोट लावते. ठसा जुळला नाही किंवा नेटवर्क मिळालं नाही, तर तिला परत पाठवतात. शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन, जातीचा दाखला ऑनलाइन, पीएम किसानचे पैसे ऑनलाइन. आपलं सगळं आयुष्य कुठल्या तरी दूरच्या यंत्रात नोंदलेलं आहे, आणि त्या यंत्रापाशी बसलेल्या माणसांत आपल्यातली कोणी नाही. आपली माहिती आधी गेली, आपल्या मुली मात्र अजून दाराबाहेरच आहेत.

नाव ढगाचं असलं तरी ही यंत्रं जमिनीवरच असतात. त्यांना वीज लागते, थंड ठेवायला बऱ्याच ठिकाणी पाणी लागतं. सरदार सरोवराने अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावं बाधित केली. त्या प्रकल्पाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के ठरला. शहरातल्या दिव्यांची आणि यंत्रांची किंमत कोणी मोजली, हे या जिल्ह्याला कोणी वेगळं सांगायला नको. त्या यंत्रांच्या कामात इथल्या मुलींनी वाटा मागितला तर त्यात वावगं काय?

अकरा मुली

२०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्यातले सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत आणि बायांची साक्षरता ६० टक्क्यांच्याही खाली होती. आमच्या अकराही मुली आश्रमशाळेत किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या, बहुतेकजणी घरातल्या पहिल्याच बारावी पास. पाचजणींची एम.एस.-सी.आय.टी. झाली होती. त्यात माऊस धरायला, पत्र टाइप करायला, तक्ता भरायला त्या शिकल्या होत्या. पण स्वतःचा संगणक एकीकडेही नव्हता.

शहाद्यात एक खोली घेतली. जुने सहा लॅपटॉप मिळवले. पुण्यातल्या एका कंपनीत नोकरी करणारी एक मैत्रीण शनिवार-रविवारी ऑनलाइन शिकवायला तयार झाली. आम्हाला वाटलं, झालं काम.

पहिली ठेच भाषेची लागली. आपण चटकन म्हणतो, इंग्रजी कठीण जातं तर मराठीत शिकवा. पण आमच्या मुलींची घरची बोली पावरी किंवा भिली. मराठी ही त्यांची शाळेतली भाषा, आणि इंग्रजी त्याच्याही पलीकडची. शिकवणारी मैत्रीण भराभर इंग्रजी शब्द वापरायची आणि मुली गप्प बसायच्या. आश्रमशाळेने त्यांना गप्प बसायची चांगली सवय लावली होती. तीन आठवडे आम्ही समजत होतो, की त्यांना कळतंय.

मग एक दिवस धडा बाजूला ठेवला आणि प्रत्येक शब्दाला आपल्या जगण्यातलं काही शोधायला सांगितलं. फायरवॉल म्हणजे शेताभोवतीचं काटेरी कुंपण. बॅकअप म्हणजे वेगळ्या कणगीत राखून ठेवलेलं बियाणं, पीक बुडालं तरी पुढच्या पेरणीला हाती राहणारं. एकाच यंत्रावर गर्दी झाली की काम दुसऱ्या यंत्राकडे वळवतात, ते म्हणजे एका हापशावर फार बाया झाल्या की अर्ध्याजणींनी दुसऱ्या हापशावर जायचं. भिंतीवर मोठा कागद लावला आणि तो महिनाभर भरत गेला. त्या दिवसापासून मुली बोलायला लागल्या.

दुसरी ठेच कार्डाची. सरावासाठी क्लाउडवर खातं उघडायचं तर बऱ्याचदा बँकेच्या कार्डाचा नंबर द्यावा लागतो. काही काळ फुकट वापर मिळतो, पण कार्ड आधी मागतात. मुलींकडे कार्ड कुठलं? कार्ड बापाचं, नाही तर भावाचं. एका मुलीने भावाचं कार्ड दिलं. सरावाला सुरू केलेलं यंत्र बंद करायला ती विसरली आणि महिनाअखेर भावाच्या खात्यातून सातशे रुपये गेले. चूक आमची होती. बिल ठराविक रकमेवर गेलं की सूचना यावी, अशी सोय तिथे लावून ठेवता येते. ती पहिल्याच दिवशी शिकवायला हवी होती. आम्ही सातशे रुपये भरून दिले. पण भावाने फोन काढून घेतला तो घेतलाच. ती मुलगी पुन्हा आली नाही. सातशे रुपयांत एका मुलीचं शिक्षण संपलं.

नंतर आम्हाला कळलं, की कार्ड न मागता सराव करता येईल अशाही सोयी आहेत. ॲमेझॉनची 'एज्युकेट' ही शिकण्याची जागा कार्ड मागत नाही. कॉलेजचा ई-मेल असेल तर मायक्रोसॉफ्टचं विद्यार्थ्यांसाठीचं खातंही कार्डाशिवाय उघडतं. ज्या गटांना हे काम करायचं आहे, त्यांनी इथूनच सुरुवात करावी.

वेळ कोणाचा?

तिसरी ठेच वेळेची, आणि आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची.

मुली घरी अभ्यास करत नाहीत, अशी आमच्या शिकवणाऱ्या मैत्रिणीची तक्रार होती. आम्ही मुलींना एक आठवडा दिवसभराची कामं लिहून काढायला सांगितली. पहाटे उठून पाणी, झाडलोट, भाकरी, धाकट्यांचं आवरणं. मग वाहनाची वाट, शहाद्याला येणं, दुपारी परत. पुन्हा सरपण, गुरं, स्वयंपाक. फोन घरात एकच, तो दिवसा बापाबरोबर किंवा भावाबरोबर. रात्री सगळे झोपले की दहानंतर फोन हाती येतो. तोवर दिवसाचा डेटा संपलेला असतो, नाही तर नेटवर्कसाठी टेकडीवर जावं लागतं. रात्री टेकडीवर जाणाऱ्या मुलीबद्दल गाव काय बोलतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ५७ टक्के पुरुषांनी कधी तरी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. बायांमध्ये हे प्रमाण ३३ टक्के होतं. आपण या आकड्यांकडे यंत्रांचा तुटवडा म्हणून बघतो. पण आमच्या वह्यांत दिसलं ते असं, की यंत्र घरात आलं तरी ते बाईच्या वाट्याला सगळ्यांत शेवटी येतं. ताटातली भाकरीही तिच्या वाट्याला तशीच येते.

याच शहाद्याच्या परिसरात १९७२ नंतर श्रमिक संघटनेच्या कामात आदिवासी बाया मजुरीच्या आणि जमिनीच्या प्रश्नावर एकत्र आल्या. पुढे त्यांनीच दारूचे अड्डे फोडले आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. मजुरीचा लढा घराच्या दारापाशी थांबत नाही, हे त्यांनी तेव्हा दाखवून दिलं. तंत्रज्ञानाच्या शिक्षणाचंही तसंच आहे. आपण मुलीला यंत्र दिलं आणि घरातली कामाची वाटणी तशीच ठेवली, तर तिच्या डोक्यावर आणखी एक हंडा ठेवल्यासारखं होतं.

म्हणून आम्ही आयांच्या बैठका सुरू केल्या. संगणकाबद्दल फारसं बोललो नाही. या मुलीला रोज दोन तास मोकळे कसे मिळतील आणि तेवढ्या वेळात तिचं काम घरातलं कोण करील, एवढंच विचारलं. "भाऊ करील," असं म्हणायला पहिल्या बैठकीत एकीचीही जीभ वळेना. तिसऱ्या बैठकीत दोघींनी म्हटलं. दोन पाड्यांवर भाऊ खरोखर पाणी भरायला लागले, आणि त्या दोन्ही मुली शेवटपर्यंत टिकल्या.

रूट कोणाकडे?

एक प्रसंग सांगते. क्लाउडच्या शिक्षणात एक महत्त्वाचा धडा परवानग्यांचा असतो. प्रत्येक खात्याला एक मूळ मालक असतो, त्याला रूट म्हणतात. त्याला सगळं उघडता येतं, सगळं पुसता येतं. बाकीच्यांना कामापुरती परवानगी द्यायची असते. ज्याला फक्त वाचायचं आहे त्याला लिहायची परवानगी द्यायची नाही, हा सुरक्षिततेचा नियम.

हे शिकवून झाल्यावर तळोद्याकडची एक मुलगी म्हणाली, "ताई, आमच्या घरात रूट बापाकडे आहे. लग्नानंतर सासऱ्याकडे जाईल. मला नेहमी फक्त वाचायचीच परवानगी." सगळ्याजणी हसल्या. मग दुसरी म्हणाली, "तेही फोन मिळाला तर." त्या दिवशी पुढचा धडा झालाच नाही. दोन तास मुली घरातल्या किल्ल्यांबद्दल बोलत राहिल्या. कोठीची किल्ली, बँकेचं पासबुक, एटीएमचा पिन, सातबाऱ्यावरचं नाव. आमच्या शिबिरांतून 'निर्णयप्रक्रियेत स्त्रीचा सहभाग' या विषयावर मी कितीतरी वेळा बोलले आहे. इतकी जिवंत चर्चा कधी झाली नव्हती.

हिशेब

आता हिशेब मांडते, कारण मुली किती आल्या एवढंच आपण अहवालात लिहितो आणि किती का गेल्या ते लिहीत नाही.

अकरापैकी चौघी पहिल्या काही महिन्यांत गेल्या. दोघी दिवाळीनंतर घरच्यांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेल्या. एकीचं लग्न झालं. एकीचा फोन गेला, तिची गोष्ट सांगितलीच. उरलेल्या सातजणींपैकी पाचजणी ॲमेझॉनच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेला बसल्या. ६५ प्रश्न, ९० मिनिटं, फी १०० डॉलर आणि वर कर. शेतमजुराच्या घरात ही रक्कम कित्येक दिवसांच्या मजुरीची असते. ती आम्ही वर्गणीतून उभी केली. चौघी पास झाल्या. हे प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, मग पुन्हा परीक्षा.

चौघींपैकी दोघींना नोकरी लागली. एक नाशिकला एका छोट्या कंपनीत आहे, दुसरी पुण्यात. ही पुण्याची मुलगी म्हणजे ज्या बापाने मला ढगाचा प्रश्न विचारला होता, त्याची लेक. बाकीच्या दोघी अजून शोधताहेत. त्यातली एक फसली. 'शंभर टक्के नोकरीची हमी' अशी जाहिरात करणाऱ्या एका शहरातल्या क्लासने तिच्याकडून पैसे घेतले आणि मूळ गुणपत्रिकाही ठेवून घेतल्या. गुणपत्रिका परत मिळवायला आम्हाला तीन फेऱ्या घालाव्या लागल्या. पैसे गेले ते गेलेच.

म्हणून सांगते, प्रमाणपत्र म्हणजे नोकरी नव्हे. पहिल्या पायरीच्या परीक्षेत ओळखीपुरतं ज्ञान तपासतात. मुलाखतीत विचारतात ते वेगळंच : लिनक्सवर काम येतं का, नेटवर्क कसं चालतं ते सांगता येतं का, स्वतः काही उभं केलं आहे का. आम्ही क्रम उलटा धरला होता. आधी परीक्षा, मग जमेल तसा सराव. आता आधी लिनक्स, मग नेटवर्क, मग परवानग्या आणि बिलाचा हिशेब. त्यानंतर प्रत्येकीने एक छोटं काम स्वतः उभं करायचं. एका मुलीने बचत गटाच्या नोंदींची साधी वेबसाइट करून क्लाउडवर ठेवली. मुलाखतीत तिला जास्त प्रश्न त्यावरच विचारले गेले. परीक्षा सगळ्यांत शेवटी.

बाजारातली परिस्थितीही मुलींपासून लपवू नये. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीने सुमारे १२ हजार माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. नव्या मुला-मुलींना पूर्वी जी सोपी कामं पहिल्या वर्षी मिळायची, त्यातली बरीच आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं करू लागली आहेत. एका कंपनीच्या पडद्यावर कुठलं बटण दाबायचं एवढंच शिकलेली मुलगी दोन वर्षांत मागे पडेल. पाया पक्का असलेली टिकण्याची शक्यता जास्त. हमी तिलाही नाही.

बाईचं काम स्वस्त का होतं

जुन्या मैत्रिणींना टायपिंगचे क्लास आठवत असतील. 'मुलीला टायपिंग शिकवा, नोकरी लागेल,' असं घरोघर म्हणायचे. नोकऱ्या लागल्याही. पण कचेरीत टाइप करायची बाई आणि सही करायचा साहेब. पुढे संगणक आला, बाया डेटा एन्ट्रीला बसल्या. मग कॉल सेंटर आलं, तिथे फोन घ्यायला बसल्या. अमेरिकेत १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिॲक या संगणकाचं प्रोग्रामिंग सहा बायकांनी केलं होतं. तेव्हा ते काम कारकुनी समजलं जात होतं. त्याला मान आणि पैसा आल्यावर ते पुरुषांचं झालं, आणि त्या सहाजणींची नावं कित्येक वर्षं कोणाला माहीतही नव्हती.

तेव्हा क्लाउडच्या कामातही आपल्या पोरी कुठे बसतात, ते पाहायला हवं. पुण्याच्या मुलीला मिळालेलं काम तक्रारी नोंदवून घेण्याचं आहे. परदेशातली कंपनी, म्हणून पाळी रात्रीची. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि ठेवलं तर सुरक्षिततेची व्यवस्था मालकाने करायची असते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे. दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. हे आमच्या मुलीला नोकरी लागायच्या आधी ठाऊक होतं, कारण लिनक्सबरोबर आम्ही कायदाही शिकवला होता. पण संमतीच्या कागदावर सही केली नसती तर नोकरी मिळाली असती का, असं तिने मला विचारलं. याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते एकट्या मुलीने शोधायचं उत्तर नव्हे, संघटनेने शोधायचं आहे.

आपण काय करायचं

चर्चेसाठी काही मुद्दे ठेवते.

एक, प्रशिक्षणाच्या खर्चात येण्या-जाण्याचं भाडं, डेटा आणि परीक्षेची फी धरल्याशिवाय कोणाकडूनही प्रकल्प घेऊ नये. लॅपटॉप देऊन फोटो काढणारे पुष्कळ भेटतात. एस.टी.चं भाडं द्यायला कोणी तयार नसतं.

दोन, आदिवासी विकास विभागाची मुलींची वसतिगृहं तालुक्याच्या गावी आहेत. तिथे संगणकाची खोली रात्री नऊपर्यंत उघडी राहावी, अशी मागणी आपण सगळ्या गटांनी मिळून करावी. टेकडीवर जाण्यापेक्षा ते बरं.

तीन, कुठल्याही क्लासला किंवा कंपनीला मूळ कागदपत्रं ठेवायला द्यायची नाहीत. नोकरीच्या करारावर सही करण्याआधी तो गटात वाचायचा. किती वर्षांचं बंधन आहे आणि सोडलं तर किती पैसे मागतील, ते बघायचं.

चार, शहरात जाणाऱ्या मुलीसाठी तिथल्या महिला गटांनी पहिल्या महिन्याची राहायची सोय आणि एक ओळखीचा फोन नंबर द्यावा. आमची नाशिकची मुलगी टिकली ती तिथल्या एका मैत्रिणीने पहिले वीस दिवस आपल्या घरी ठेवून घेतलं म्हणून.

पाच, जिला हे शिकायचं नाही, तिला नर्सिंगला, शेतीला, शिवणकामाला जाऊ द्या. ढग सगळ्यांसाठी नाही. आम्हीही सुरुवातीला उत्साहाच्या भरात एक-दोघींना ओढून आणलं होतं, ती आमची चूक.

शेवटी पुन्हा त्या मुलीबद्दल सांगते. यंदा होळीला ती घरी आली. सातपुड्यात होळीला पोरं-पोरी कुठे असतील तिथून घरी येतात, तुम्हाला माहीतच आहे. बाप तिच्याबद्दल गावात अभिमानाने बोलत होता. पगारातून घरावर पत्रे नवीन झाले होते, भावाला मोटरसायकल आली होती. मला बाजूला घेऊन ती म्हणाली, "ताई, पगार माझ्या नावावर येतो, पण एटीएम कार्ड भावाकडे आहे. पिन त्यानेच टाकलाय. मी पुण्याला रात्रभर लोकांच्या खात्यांच्या परवानग्या बघते, आणि माझ्या खात्याची परवानगी मला नाही."

मी विचारलं, "मग काय करायचं ठरवलंयस?"

ती म्हणाली, "सोमवारी बँक उघडली की नवं कार्ड मागणार. भाऊ चिडेल. तुम्ही येता का बरोबर?"

सोमवारी आम्ही दोघी बँकेत गेलो. अर्ज तिने लिहिला, मी नुसती बाकावर बसले होते. घरी त्यावरून भांडण झालं, ते अजून पुरतं मिटलेलं नाही. बापाने मला निरोप पाठवला आहे, एकदा घरी या, बोलायचं आहे. मी जाणार आहे. या वेळी क्लाउड म्हणजे काय ते मला नीट सांगता येईल. पण तो विचारणार आहे ते मुलीच्या पगाराबद्दल, आणि त्याचं उत्तर द्यायला माझ्याबरोबर तुमच्यातल्या दोघी-तिघींनी यावं, ही विनंती.